छोट्या बादशहाची शेवटची तीन पाने

दाऊदभाई,

तुमच्या वहीची शेवटची तीन पाने तुमची नव्हती. ती मी लिहिली. खालची सही तुमची आहे, अक्षर माझे आहे, आणि जो मजकूर तुम्ही कधीच वाचू शकला नाहीत, तोही माझाच आहे. तुम्हाला जाऊन आज सव्वीस दिवस झाले. हे सांगायला हवे होते तेव्हा तुम्ही खिडकीजवळच्या खाटेवर, माझ्यापासून हातभर अंतरावर बसलेले असायचात. आणि मी दर वेळी दुसरेच काही बोलत असे. पाणी आले का, गफूरने कालवणात कोकम घातले का, डाकेची बोट लागली का.

मागच्या आठवड्यापर्यंत माझी समजूत होती की ही गोष्ट माझ्याबरोबर जाईल आणि कुणाचे काही बिघडणार नाही. मग तुमच्या भावाचे, इस्माईलचे पत्र आले. तुमच्या जाण्याची खबर मीच त्याला कळवली होती. त्याचे हे उत्तर. ते मी पुढे सांगेन. आधी थोडा धीर गोळा करावा लागेल, कारण त्या पत्रात मला फक्त दुवा आहे, दोष सगळा तुमच्या माथी आहे, आणि तो दोष माझा आहे हे जगात मला एकट्यालाच ठाऊक आहे.

तुमच्या कबरीवर दोन दगड आहेत, नाव नाही. इथली रीतच तशी आहे आणि तुम्हाला ती पसंत होती. "नाव लिहिलं की लोक वाचायला थांबतात," तुम्ही म्हणाला होतात, "आणि थांबले की चुका काढतात." गेल्या शुक्रवारी नमाजानंतर मी तिथे गेलो. काय बोलायचे ते ठरवून गेलो होतो. फातिहा म्हटला आणि परत आलो. बोलणे मला कधी जमले नाही. लिहिणे जमते, असे तुम्ही म्हणत असा. म्हणून हे लिहितो आहे.

कतारात, दोह्याला आलो तेव्हा मी पंचेचाळिशीचा होतो. एवढ्या वयात परदेशी नव्याने सुरुवात करणाऱ्याची जी फजिती होते, ती सगळी माझी झाली. पहिल्याच उन्हाळ्यात तापाने पडलो. तुम्ही मला ओळखतही नव्हतात. मी कुलाबा जिल्ह्याकडचा, तुम्ही रत्नागिरीतले, एवढीच काय ती ओळख. पण तुम्ही सात दिवस आपल्या कंपनीच्या स्टोअरमधून दुपारी चालत खोलीवर येत होतात. ओली चादर माझ्यावर टाकायची, पेज भरवायची आणि पुन्हा त्या उन्हात चालत कामावर जायचे. आठव्या दिवशी मी आभार मानू लागलो तर म्हणालात, "आभार राहू द्या. अक्षर कसं आहे तुमचं?" मी कागदावर चार ओळी लिहून दाखवल्या. तुम्ही कागद डोळ्यांजवळ नेलात, लांब धरलात, पुन्हा जवळ आणलात. तेव्हाही तुमची नजर अधूच होती. "मुनशी," तुम्ही म्हणालात, आणि त्या दिवसापासून नजमा मोहल्ल्यातल्या त्या खोलीत माझे दुसरे नाव उरले नाही.

त्या वेळी तुम्ही इतिहास वाचत होतात. मायदेशी परतणाऱ्या एका इंग्रज साहेबाने पुस्तकांची पेटी स्टोअरमध्येच सोडली होती. 'निकामी माल' म्हणून ती तुमच्या यादीवर आली आणि तुम्ही रीतसर अर्ज करून ती मागून घेतलीत. वीस वर्षे गावच्या मराठी शाळेत मास्तरकी केलेला माणूस खिळे, बोल्ट आणि पंपाचे पट्टे मोजून आल्यावर, शब्दकोश मांडीवर घेऊन रोमच्या बादशहांचे इतिहास वाचतो, ही गोष्ट खोलीतल्या मंडळींना कौतुकाची कमी आणि करमणुकीची जास्त वाटे. त्या पेटीतल्या शेकडो राजांमधून तुम्ही एकच उचललात. वयाच्या सातव्या वर्षी कुस्तुंतुनियाच्या गादीवर एकटा उरलेला मुलगा. त्याचे रोमी नाव इतके लांब होते की ते कुणाच्याच जिभेवर बसेना. म्हणून तो आमचा 'छोटे बादशहा' झाला.

"ह्याच्यातच काय पाहिलंत?" मी विचारले होते.

"ह्याचा बाप मरताना काय करून गेला ठाऊक आहे? मुलाचा सांभाळ कर म्हणून इराणच्या बादशहाला लिहून गेला. म्हणजे दुश्मनाला." तुम्ही खिडकीबाहेर हात केलात, पाणी होते त्या दिशेने. "ह्याच आखाताच्या पलीकडचा राजा. आणि त्याने शब्द पाळला. लढाई केली नाही, उलट आपला एक माणूस धाडला मुलाला शिकवायला. लिहिणारे म्हणतात, खरं असेल किंवा नसेलही. पण मुनशी, विचार करा. सात वर्षांचं पोर. बाप गेलेला. आणि त्याला सांभाळायला जो तो पुढे येतोय."

तुमच्या आवाजात तेव्हा काय होते ते मला कळले नाही. मला वाटले, विद्वत्ता.

पुस्तक लिहायचे तुम्ही ठरवलेत ते पुढच्या हिवाळ्यात. कंपनीचे रद्द झालेले छापील फॉर्म पाठकोरे वापरायचे. प्रत्येक प्रकरणाच्या माथ्यावर आधी अल्लाचे नाव, मग शीर्षक. डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता म्हणून अक्षर दर महिन्याला मोठे होत गेले. शेवटी शेवटी एका पानावर चार-पाच ओळीच मावत. मी त्यावरून बांधीव वहीत स्वच्छ प्रत उतरवायची, असे ठरले. शुक्रवारी जेवण झाले की आपण बसायचो. आधी मी तुमचा मजकूर मोठ्याने वाचायचा, तुम्ही ऐकून दुरुस्त करायचा, मग मी उतरवायचा, आणि पान वाळले की तुम्ही त्याखाली सही करायची.

सही ही तुमच्या स्टोअरची सवय. सही नसलेला कागद दाराबाहेर जाऊ द्यायचा नाही, हा तुमचा नियम तुम्ही आपल्या पुस्तकालाही लावलात. मी पानाच्या तळाशी तुमचे बोट टेकवून देई आणि तुम्ही झोकात सही ठोकत असा. गफूर आमचा खोलीतला सोबती, एका अरब व्यापाऱ्याची लॉरी चालवणारा. शुक्रवारचा स्वयंपाक त्याच्याकडे. तो भांडी घासता घासता म्हणे, "यल्ला, चला, छोटे बादशहा सहीला बसले. मास्तर, बघून करा हां. नायतर मुनशी तुमची खाट आपल्या नावावर लिहून घ्यायचा."

तुम्ही हसत असा. "वाचून दाखवणारा इमानी असला की डोळ्यांचं काय काम?"

हे वाक्य तुम्ही एकदा नाही, अनेकदा म्हणालात. ते दर शुक्रवारी माझ्या अंगावर पडत असे आणि पहिले वर्षभर त्याचा मला अभिमान वाटत असे.

आपले भांडण होते ते त्या मुलाच्या कारभाऱ्यावरून. मुलगा गादीवर बसला आणि राज्य वजिराने चालवले. शहराला धान्य वेळेवर मिळेल अशी सोय लावली, आणि शहराभोवती नवा तट उभारला. तट पुरा झाला तेव्हा मुलगा बारा वर्षांचा होता. मी म्हणत असे, यापेक्षा पालकाने आणखी काय करायचे? हजार वर्षे त्या तटाने शहर राखले. मुलाला राज्य सुखरूप मिळाले.

"तो तट शेवटी फोडला कोनी?" गफूर विचारी. "आपल्याच तुर्कांनी ना? मग कारभाऱ्याचं काय रायलं?"

"तू कांदा चीर," मी म्हणे.

तुम्ही मात्र गंभीरपणे उत्तर देत असा. तट चांगला होता, हे तुम्ही कधी नाकारले नाहीत. तुमचे म्हणणे दुसरेच होते. वजिराच्या नंतर मुलाची बहीण पुढे झाली. तीही पंधरा-सोळा वर्षांचीच. तिने इराणहून आलेल्या त्या शिक्षकाला घरी बसवले आणि भावाचे शिक्षण आपल्या हाती घेतले. झगा कसा सावरायचा, पाऊल कसे टाकायचे, दरबारात हसू आले तर ओठ कसे दाबायचे, राग आला तर तो कुठे ठेवायचा. राजवाड्यात पहाटेपासून प्रार्थना. मुलाचे अक्षर सुरेख होते, असे सगळे लिहितात. आणि हेही लिहितात, की पुढे आणलेल्या कागदावर तो न वाचता सही करी. मोठेपणी एकदा बहिणीने त्याची परीक्षा पाहायची म्हणून एक कागद त्याच्यापुढे सरकवला. त्याने सही केली. त्यात त्याने स्वतःची बायको बहिणीला दासी म्हणून देऊन टाकली होती.

"लोक ह्या गोष्टीवर हसतात," तुम्ही म्हणालात. "म्हणतात, काय मूर्ख बादशहा. अहो, सातव्या वर्षापासून त्याच्यापुढे जे जे आलं ते दुसऱ्यानेच वाचून ठरवलेलं होतं. सही करणं एवढंच त्याला शिकवलं. मग बहिणीने कुणाची परीक्षा घेतली? स्वतःचीच ना? आणि त्यात ती नापास झाली, हे तिच्या लक्षातसुद्धा आलं नाही."

मी म्हणालो, "मुलाला विचारत बसलं असतं तर तट झाला नसता."

"नसता झाला, कदाचित," तुम्ही म्हणालात. "पण एकदा विचारायचं तर होतं."

आता सलीमविषयी सांगावे लागेल, कारण त्याच्यावाचून माझे कृत्य कळणार नाही. माझा थोरला भाऊ वारला तेव्हा त्याचा मुलगा सलीम नऊ वर्षांचा होता. घरात मोठा पुरुष मीच. इथून मी पत्रामागून पत्र पाठवून त्याचे सगळे ठरवत गेलो. कुठली शाळा, कुठल्या मुलांशी खेळायचे, कुठल्यांशी नाही. अकराव्या वर्षी त्याला आईपासून काढून मुंबईच्या वसतिगृहात ठेवले. भाभीने लिहिले, पोर रडते, जेवत नाही. मी उत्तर लिहिले: सवय होईल. दोन शब्द. हे सगळे एका शुक्रवारी मी तुम्हाला सांगितले, आणि खोटे कशाला बोलू, अभिमानाने सांगितले. सलीमचे इंग्रजी आता कसे आहे, तेही सांगितले. तुम्ही ऐकून घेतलेत. विचारलेत, "तो तुम्हाला काय लिहितो?" मी म्हणालो, "तो लिहीत नाही. लहान आहे." तेव्हा तो चौदा वर्षांचा होता.

त्यानंतर तीन आठवड्यांनी तुम्ही शेवटचे प्रकरण माझ्या हाती ठेवलेत. "डोळे फारच गेलेत, तरी हेही कुणाला सांगून लिहवलं नाही," म्हणालात. "स्वतः लिहिलंय. अक्षर लागत नसेल तर विचारा." अक्षर लागत होते. बोटभर उंचीची अक्षरे, ओळी एकमेकींवर चढलेल्या. मी मोठ्याने वाचू लागलो. शेवटच्या भागात, वहीत तीन पाने भरतील एवढ्या मजकुरात, तुम्ही राजवाडा, तट, इराण, सगळे मागे ठेवले होते आणि फक्त पालकांविषयी लिहिले होते. जे मुलाचे सर्व काही सांभाळतात आणि मुलाला विचारत नाहीत, त्यांच्याविषयी. अशा हाताला इतिहासाने माफ करू नये, असे शेवटी होते.

माझा आवाज बदलला नाही. सगळे शेवटपर्यंत वाचले. तुम्ही मान खाली घालून ऐकत होतात आणि वाचन संपल्यावर म्हणालात, "कसं वाटलं?"

"कडक आहे," मी म्हणालो.

"हो. कडकच पाहिजे."

माझी खात्री झाली की हे माझ्याविषयी आहे. तीन आठवड्यांपूर्वी मी मन मोकळे केले आणि तुम्ही त्याचे प्रकरण केलेत. आणि वर ते माझ्याच तोंडून वाचून घेतलेत, माझ्याच हाताने वहीत उतरवायला सांगितलेत. असा राग मला आयुष्यात फार थोड्या वेळा आला असेल. मी तो दाखवला नाही. राग न दाखवण्याला मी सौजन्य समजत आलो आहे. त्या दुपारी वही उघडली, टाक दौतीत बुडवला आणि तुमच्यासमोर, तुमच्या श्वासाचा आवाज ऐकू येत असताना, तुमचे एकही वाक्य न घेता दुसरी तीन पाने लिहिली. लिहिले, की मूल लहान असते, निर्णय वडीलधाऱ्यांनाच घ्यावे लागतात. त्यांनी घेतले म्हणून तट उभा राहिला. शेवटी लिहिले, "अशा पालकांचे ऋण मूल मोठे झाल्यावर ओळखते, आणि न ओळखील तर तो दोष पालकांचा नव्हे." वाक्य चांगले साधले होते. मला ते आवडले होते, हेही इथे नोंदवून ठेवतो.

मग पानाच्या तळाशी तुमचे बोट टेकवून दिले. तीनदा.

गफूर बाहेर गेला होता. त्या दिवशी हसायलाही कुणी नव्हते.

पाठकोऱ्या फॉर्मांवर अल्लाचे नाव होते, म्हणून ते कचऱ्यात जाऊ देणे तुम्हाला मान्य नव्हते. आपल्याकडे जसे करतात तसे स्वच्छ वाहत्या पाण्यात सोडून या, असे तुम्ही मला सांगितलेत. मी सगळा गठ्ठा फडक्यात बांधला, आत दगड घातला आणि ओळखीच्या मचव्यावाल्याबरोबर खाडीच्या तोंडाशी जाऊन पाण्यात सोडला. मचवेवाला म्हणाला, "सवाबचं काम आहे." मी हो म्हणालो. एखाद्याने पुण्यकर्माच्या हाताने पुरावा बुडवावा, हे तुमच्या त्या राजवाड्यात शोभले असते.

वही छापायची नाही, हे तुम्ही त्यानंतर मला सांगितलेत. एकच प्रत, एकाच माणसासाठी. गावाला निघालेल्या ओळखीच्या माणसाबरोबर ती इस्माईलकडे पाठवायची होती, आणि सोबत मी चार ओळींची चिठ्ठी लिहायची होती. तुम्ही सांगितलेली चिठ्ठी मी जशीच्या तशी लिहिली; ती बदलण्याचे मला कारण नव्हते. "इस्माईल, वही मोठी आहे, सवडीने वाच. पण शेवटची तीन पाने आधी वाच. ती तुझ्यासाठी आहेत."

मी विचारले, "त्याला कशाला? त्याला इतिहासाची आवड आहे का?"

"नाही," तुम्ही म्हणालात. "त्याला समुद्राची आवड होती."

त्या क्षणी मला कळायला हवे होते. निदान विचारायला हवे होते. मी लिफाफा चिकटवला.

वही गेल्यावर महिन्याभराने तुम्ही म्हणालात, "मुनशी, शेवटचं पुन्हा एकदा ऐकावंसं वाटतं." मी म्हणालो, वही तर गेली आणि कच्चे कागदही पाण्यात गेले. "असू दे. माझं मला पाठ आहे." आणि खाटेवर बसल्या बसल्या तुम्ही ते म्हणू लागलात, शाळेत कविता म्हणून घेतात तसे, थांबत थांबत. मी घामाने भिजून गेलो. अर्धे झाल्यावर तुम्हाला खोकला आला आणि गफूर पाणी घेऊन आला. "मास्तर, खलास करा आता," तो म्हणाला, "छोटे बादशहा पण कंटाळले असतील." तुम्ही पुढचे म्हटले नाहीत.

मग वाट पाहणे सुरू झाले. डाकेची बोट लागली की कंपनीतून येता येता मी पत्रे घेऊन येई आणि तुम्हाला वाचून दाखवी. दाराशी माझा पायरव ऐकला की तुम्ही डोके वर करत असा. "काही?" एवढेच विचारत असा. मी म्हणे, "या बोटीला नाही." आठ महिने. पहिले काही महिने तुम्ही कारणे शोधलीत: वही उशिरा पोचली असेल, मामलेदार कचेरीतल्या इस्माईलसारख्या कारकुनाला सवड कुठली, पावसाळ्यात खाडी ओलांडून डाक येत नाही. नंतर कारणे शोधणे थांबले, पण "काही?" थांबले नाही. एकदा म्हणालात, "नाही ना लिहिलं. बरोबर आहे त्याचं. तीन पानांनी काय भरून निघतं?" मला वाटले, भाऊ-भावांची जुनी काही कुरबूर असेल. मी तुमचे सांत्वन केले, दाऊदभाई. तुमच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, इन्शाल्ला येईल पत्र. डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी मुंबईला जायचे तुम्ही पुढे ढकलत राहिलात. आधी उत्तर येऊ दे, म्हणत होतात. आणि मग एका सकाळी स्टोअरमध्ये, हजेरीच्या टेबलाशी, छातीवर हात ठेवून खाली बसलात, ते बसलातच.

आता इस्माईलचे पत्र. ते मी इथे उतरवतो, आणि या वेळी एकही शब्द न बदलता.

"मुनशी साहेबांस सलाम. खबर मिळाली. घरात कुरआनखानी केली. तुम्ही भाईंची सेवा केलीत, अल्ला तुम्हाला त्याचा बदला देवो. वहीचे उत्तर का दिले नाही असे भाई विचारीत होते, हे तुम्ही लिहिलेत, म्हणून लिहितो. बाप वारला तेव्हा मी सात वर्षांचा होतो. भाईंनी मला वाढवले, शिकवले, हे खरे. बापाचा मचवा माझा होणार होता. बाप तांडेल होता, मलाही तेच व्हायचे होते. चौदाव्या वर्षी भाईंनी एक कागद पुढे ठेवला आणि म्हणाले, सही कर, तुझं अक्षर बघू दे. मी खूश होऊन केली. दुसऱ्या दिवशी मचवा धक्क्यावर नव्हता. मी समुद्रावर जाऊ नये म्हणून त्यांनी तो विकला. बाप समुद्रातच गेला होता, त्यांची भीती मी समजू शकतो. पण मला विचारले नाही. भाईंनी चिठ्ठी पाठवली की शेवटची तीन पाने माझ्यासाठी आहेत. मी तीच आधी वाचली. त्यात मी त्यांचे ऋण ओळखावे असे लिहिले होते. मी ते पान बायकोलाही दाखवले नाही. आता भाई गेले. त्यांना माफ करायचा प्रयत्न करतो आहे, अजून जमत नाही. वही तुम्हाला हवी असेल तर परत पाठवतो."

तुम्ही माझ्याविषयी लिहिले नव्हते. सलीमची हकीकत तुम्ही प्रकरणात घातली नव्हती. ती ऐकून तुम्हाला स्वतःची आठवली असेल, किंवा तेवढेही नसेल. 'माफ करू नये' म्हणून ज्या हाताविषयी लिहिलेत, तो तुमचा होता. एवढा मोठा रोमचा इतिहास तुम्ही जमवलात तो केवळ धाकट्या भावासमोर तीन पाने ठेवता यावीत म्हणून, कारण सरळ माफी मागण्याची आपल्या घरांत थोरल्यांना सवय नसते. आणि ती तीन पाने मी काढून घेतली. तुम्ही जन्मभर ज्या एका सहीबद्दल जळत राहिलात, नेमकी तशीच सही मी तुमच्याकडून करून घेतली, त्याच युक्तीने, माझ्यावरच्या विश्वासाच्या जोरावर. तुम्ही निदान भावाच्या भल्यासाठी केले होते. मी दुखावलो होतो, एवढेच माझे कारण.

मी सव्वीस दिवस स्वतःला विचारतो आहे की तुम्हाला कळले होते का. कधी वाटते, कळले होते. म्हणूनच तुम्ही ते पाठ म्हणू लागलात, माझा श्वास ऐकण्यासाठी. मग वाटते, ही माझी सोय आहे. तुम्हाला कळले असते तर तुम्ही इस्माईलला दुसरी चिठ्ठी लिहवली असती; माझ्याकडून नाही, तर गफूरकडून, वेड्यावाकड्या अक्षरात. तुम्ही तसे केले नाही. तुम्हाला काहीच ठाऊक नव्हते, तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवूनच गेलात. हे जास्त वाईट आहे, म्हणून मी तेच खरे मानतो.

आणि तरीही, दाऊदभाई, एक कडू गोष्ट राहते. माझे म्हणणे मी अजून सोडलेले नाही. तट चांगला होता. वजिराने मुलाला विचारत बसून शहर उघडे ठेवायला हवे होते, असे मला आजही म्हणवत नाही. तुम्ही असतात तर हा वाद पुढे गेला असता आणि कदाचित तुम्ही मला हरवले असते. मला तुमच्याशी वाद घालून हरायचे होते. त्याऐवजी मी तुमच्या पाठीमागे जिंकलो, आणि ज्या वाक्याने जिंकलो ते तुमच्या भावाच्या घरात, कपाटात बंद करून ठेवलेले आहे.

सलीमला मी अजून पत्र लिहिलेले नाही. लिहायला बसतो, पण तिसऱ्या ओळीपासून सल्ला सुरू होतो. कागद बाजूला ठेवतो.

इस्माईलला मात्र काल लिहिले. मी काय केले, ते पहिल्याच ओळीत लिहिले. कारणे लिहिली नाहीत, ती त्याच्या काही कामाची नाहीत. मग तुमची पाने आठवून आठवून उतरवू लागलो. जेवढे तुम्ही खाटेवर बसून म्हटले होते, ते मला शब्दाशब्दाने आठवते. "लोक म्हणतात, मुलाचे राज्य सुखरूप राहिले. खरे आहे. सांभाळणाऱ्यांनी सर्व काही सांभाळले. ज्या हाताने त्याला अक्षर गिरवायला शिकवले, त्याच हाताने न वाचायचे कागद त्याच्यापुढे सरकवले." इथपर्यंत नक्की तुमचे. पुढचे, खोकल्यानंतरचे, मी एकदाच वाचले होते, तेही रागाने. त्यातले बरेचसे सापडले. जे सापडले त्याखाली मी रेघ ओढून लिहिले, "हे माझ्या आठवणीतले आहे, शब्द चुकले असतील." गफूरला समोर बसवले आणि सगळे त्याला वाचून दाखवले. त्याने ऐकले. या वेळी त्याने थट्टा केली नाही, फक्त म्हणाला, "मास्तरांचा आवाज येतो." आणि उठून चूल पेटवायला गेला.

शेवटच्या वाक्याच्या आधी तुमचे एक वाक्य होते. त्यात इस्माईलसाठी काहीतरी थेट होते, असे मला वाटते. मी वाचत असताना तिथे तुम्ही मान आणखी खाली घातली होती, एवढेच पक्के आठवते. ते वाक्य मला आठवत नाही. काल दुपारभर बसलो. दोन वाक्ये सुचली. दोन्ही चांगली होती, तिथे शोभली असती, इस्माईलला त्यांनी बरे वाटले असते. दोन्ही माझी होती. तेवढी एक ओळ मी कोरी सोडली, आणि समासात लिहिले: इथे तुमच्या भाईंचे एक वाक्य होते, ते मी हरवले.